फुफीची कबर

लढाईच्या दिवसांत मुंबईची माणसं बॉम्बच्या भीतीनं कर्जतच्या बाजूला येऊ लागली. कुणी भाड्यानं राहिली, कुणी जागा बघू लागली. अशाच एका सेठला खालापूरच्या अंगाला असलेली आमची नदीकाठची भातखाचरं आणि त्यांना लागून असलेली आंब्यांची वाडी आवडली. त्याला तिथे बंगला बांधायचा होता. चाचांना विकायची घाई झाली होती. पण कर्जतचा वकील म्हणाला, वंशावळ झाल्याशिवाय खरेदीखत होणार नाही. जमीन पणजोबांपासून चालत आलेली, मुसलमानी कायद्यात मुलींनाही वाटा असतो, तेव्हा कोण कधी मेलं आणि मागे कोण राहिलं ते सगळं कागदावर हवं.

हे काम माझ्याकडे आलं, कारण घरात दुसऱ्या कुणाला ते जमण्यासारखं नव्हतं. घरातली मृत्युपत्रं मोडीत होती आणि मशिदीतली दफनांची वही उर्दूत. मी कर्जतच्या शाळेत मास्तर होतो, दोन्ही वाचत होतो. माझे वडील मी लहान असतानाच वारले होते, त्यामुळे घरात चाचांचा शब्द चाले. आई त्यांच्या चुलीवर राबत होती आणि मी सुट्टीला घरी जायचो.

सुरुवातीला मला या कामाचा अभिमानच वाटला. आपण शेतकरी खरे, पण आपल्या पणजोबांनी मृत्युपत्र करून ठेवलं, म्हणजे घराणं काही साधं नव्हे, असं वाटायचं. पहिल्या संध्याकाळी कंदील जवळ घेऊन मी पणजोबांचा कागद उलगडला. अक्षर फार देखणं होतं. त्यात बैलांची वर्णनं होती. पांढरा बैल, कपाळावर चांद, उजवं शिंग जरा आत वळलेलं. तांबडा खोंड, शेपटीचा गोंडा काळा. आंब्याची झाडं एकेक करून सांगितली होती, कुठलं गोड, कुठलं लोणच्याचं. नांगर, पहारी, तांब्याचं घंगाळ. आणि शेवटी एक ओळ: घरातील बायकांस अन्नवस्त्र द्यावे.

बायका किती, कोण, काही नाही. पणजोबांना तीन मुली होत्या, तिघी मागे कुणी न ठेवता गेल्या, हे मला आईकडून ठाऊक होतं. त्या कागदात त्यांना शेपटीच्या गोंड्याएवढीही जागा मिळाली नव्हती. मी पुन्हा पुन्हा वाचलं, कुठे सुटलं असेल म्हणून. सुटलं नव्हतं.

आजोबांचं मृत्युपत्र छोटं होतं. मला मुलगे दोन. कन्या एक होती, ती मयत. एवढंच.

ही मयत कन्या म्हणजे माझी फुफी, वडिलांची बहीण. मी चाचांना विचारलं, "फुफीचं नाव काय होतं?"

चाचा ओट्यावर पान चघळत बसले होते. त्यांनी अंगणात पिंक टाकली. ती अंगणातल्या तुळतुळीत सारवणावर पडली, तिथेच आई सकाळी धान्य वाळत घालायची. "नाव कशाला पायजे?" ते म्हणाले. "मेली ती. मयत लिव आनि मोकला हो."

"वकिलाला नाव लागतं, चाचा."

"मग घाल कायतरी."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. लाल दातांत सुपारीचे कण अडकलेले, आणि बोलणं सख्ख्या बहिणीबद्दलचं.

फुफीची कबर मला माहीत होती. कब्रस्तानाच्या पार टोकाला, करवंदीच्या जाळीला लागून, एकच दगड उभा केलेली. लहानपणी आम्ही त्या बाजूला गेलो तर मोठी माणसं ओरडायची, पटकीनं मेलेल्या बाईची कबर आहे, लांब व्हा. तिच्यावर कधी कुणी फातिहा वाचलेला मी पाहिला नव्हता. फूल नाही, पाणी नाही. पटकीच्या भीतीनं असेल, असं मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी मशिदीत गेलो. मुतवल्लींनी, म्हणजे मशिदीचा कारभार बघणाऱ्या म्हाताऱ्यांनी, कपाटातून वही काढून दिली. उंदराच्या लेंड्या तिच्यातून सांडल्या. पानं ओलीनं चिकटलेली, कुबट वास. मी फडक्यानं झाडत झाडत एकेक नोंद उतरवू लागलो. इथेही तेच. अमक्याची बायको. तमक्याची आई. एक बाळ. आणखी एक बाळ. एका पावसाळ्यात आमच्याच घरातली चार बाळं. प्रत्येक नोंदीपुढे मय्यतीला आंघोळ कुणी घातली आणि कबर कुणी खोदली ते लिहिलेलं. फुफीची नोंद सापडली तेव्हा मला जरा विचित्र वाटलं. आजोबांचं नाव, त्यांची विधवा मुलगी, पटकी. आंघोळ घालणाऱ्याची जागा रिकामी. कबर खोदणारा म्हणून माझ्या वडिलांचं नाव.

आमच्या घरातल्या पुरुषांनी कधी कबर खोदली नव्हती. ते काम गावात ठरलेल्या माणसांचं होतं.

"पटकीच्या मढ्याला कोन हात लावनार, मास्तर?" मुतवल्ली म्हणाले. "भाऊ व्हता म्हनून त्यानं केलं."

ते पटण्यासारखं होतं. उलट वडिलांबद्दल मला भरूनच आलं. गाव भ्यालं तिथे आपला बाप कुदळ घेऊन गेला. हे मी आईला कौतुकानं सांगितलं, आणि फुफीचं नाव विचारलं.

आई परसात सुकट निवडत होती. सुपातला कचरा, खेकड्यांच्या नांग्या, वाळू बाजूला काढत होती. तिनं नाव सांगितलं. मग सूप खाली ठेवलं.

"वंशावलीत तिला मेलेली लिवलंस?"

"हो. वहीत तसं आहे."

"मग ते खोड," आई म्हणाली. "ती पलसदरीला हाय."

मला आधी कळलंच नाही. पळसदरीला कबर हलवली की काय, असं काहीतरी मी विचारलं.

"जिती हाय रं," आई म्हणाली. "तुजी फुफी जिती हाय."

आई एरवी फार कमी बोलायची. त्या दिवशी मात्र तिनं सगळं सरळ सांगितलं, मधे न थांबता.

फुफीचं लग्न लहानपणी झालं, नवरा वर्षादोन वर्षांत गेला आणि ती माहेरी परतली. तिचं दुसरं लग्न लावून द्यायला आपल्यात काहीच आडकाठी नव्हती. पण आजोबा लावेनात. दुसऱ्या घरी गेली की उद्या तिचा वाटा त्या घरी जाईल, हे त्यांच्या डोक्यात. म्हणून तिला ठेवली, शेतात राबायला. दर वर्षी उन्हाळ्यात गाद्या पिंजायला एक पिंजारी यायचा, मुसलमानच, गरीब माणूस. फुफीनं त्याच्याशी निकाह लावला. पळून जाऊन नव्हे. आधी बापाला विचारलं. बापानं मारलं. मग ती गेली आणि काझीसमोर रीतसर निकाह करून तिनं निरोपही पाठवला.

"त्यात पाप काय व्हतं?" आई म्हणाली. "काय नाय. पन शेतवाल्याची पोर पिंजाऱ्याकडं गेली, ह्ये तुझ्या आजाला सोसलं नाय. गावात तवा पटकी चालू व्हती. त्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं, पोर पटकीनं गेली, कुनी जवल येऊ नका. तुझ्या बापाला परसातली केल तोडायला लावली. पानं छाटून तो खांब खोलीत आनला. मी तवा नवी नवरी व्हते. सासरा मला म्हनला, ह्याला कफन घाल."

"आणि तू घातलंस?"

"घातलं. काय करनार? केलीचा चीक लागला माझ्या हाताला, लय दीस निघाला नाय. पांढऱ्या कापडावर काले डाग उठले, तर सासू म्हनली, दुसरी पट्टी गुंडाल वरनं."

चार जणांनी तो खांब खांद्यावरून नेला. दोघांना ठाऊक होतं, दोघांना नव्हतं. त्याच्यावर जनाज्याची नमाज झाली. गाव लांब उभं राहून हात बांधून नमाजीत होतं. माझ्या वडिलांनी खड्डा खणला, खांब आत उतरवला आणि माती लोटली. आजोबा घरी येऊन जेवले.

त्या रात्री मी ताट तसंच ठेवून उठलो. सुकटीचा वास नाकातून हटेना, आणि त्याच्याखाली सारखा कुजलेल्या केळीचा वास येत असल्याचा भास होई, आंबूस, बुळबुळीत. माझ्या वडिलांनी मला नमाज शिकवली होती. गुडघे कुठे टेकायचे, बोटं कशी ठेवायची, ते माझ्या बोटांना हात लावून दाखवायचे. त्याच हातांनी केळीच्या खांबाला माती दिली होती आणि त्याआधी त्याच्यावर नमाज पढली होती. खोटं बोलणारी माणसं मी पाहिली होती. पण अल्लासमोर रांगेत उभं राहून, चेहरा गंभीर करून, एका झाडाच्या बुंध्यासाठी माफी मागणारी माणसं माझ्या घरची होती, ह्याची मला शिसारी आली.

दोन दिवसांनी मी पळसदरीला गेलो. स्टेशन ओलांडून तलावाच्या वाटेला चार-पाच घरं होती. एका पडवीत म्हातारी व्हायला आलेली बाई गादी शिवत बसली होती. मोठी सुई, भुवयांत, केसांत कापूस. भिंतीवर पिंजायचं लांब धनुष्य टांगलेलं. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "थांब. तू माझ्या भावाचा. चालनं तसंच हाय."

मी सलाम केला. तिनं सुई गादीत खुपसून ठेवली आणि मला बसायला गोणपाट दिलं. नवरा वारल्याचं तिनं सांगितलं. कापसानं छाती भरून गेली होती त्याची. मूलबाळ राहिलं नव्हतं. आता बंगलेवाल्यांच्या गाद्या तीच करायची.

मी चाचरत चाचरत कबरीचं सांगू लागलो. तिनं हात वर केला.

"म्हाईत हाय मला. पन तवा मला कोनी सांगितलं नव्हतं, मी मेले म्हनून. निकाहानंतर पयली ईद आली. मला वाटलं, बापाचा राग निवला आसंल. नवं लुगडं नेसून गेले. हिरीवर बायका पानी भरत व्हत्या. मला बगितलं नि हंडे टाकून किंचालत पलाल्या. एक तर पडली, तिचा हात मोडला. मी म्हनतेय, आगं मी हाय, मी हाय, तर कोन ऐकतंय."

"मग?"

"मग घराकडं गेले. तुझा बाप दारात व्हता. त्यानं मला वलखलं. दोन पावलं पुढंबी आला." तिनं मांडीवरचा कापूस झटकला. "मग आतनं म्हाताऱ्यानं हाक मारली, तसा मागं सरला नि दार लावून घेतलं. आतनं कडी घातली. कडीचा आवाज आला मला."

ती रडत नव्हती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाली बघितलं.

"आता कशापायी आलास?"

मी जमिनीचं सांगितलं. चाचा विकतायत, आणि कायद्यानं तुझा वाटा आहे. सही दिलीस तर विक्री होईल, नाही दिलीस तर अडेल. मला वाटलं, ती म्हणेल, मला नको तुमचं काही. पुस्तकांत अशा बायका तसंच म्हणतात.

"वढ्याकडचं खाचर हाय का आजून?" तिनं विचारलं. "बांधावर उंबर हाय ते?"

"आहे."

"ते पायजे मला. मी राबलेय त्यात."

वकिलाच्या ओटीवर आम्ही जमलो तेव्हा आईही आली होती. कर्जतला ती आधी एकदाच, डोळे दाखवायला आली होती. चाचांनी फुफीकडे बघितलं आणि नजर वळवली.

"ह्या बाईला मी वलखत नाय," ते वकिलाला म्हणाले. "माझी बहीन पटकीनं गेली. मशिदीत नोंद हाय. मी सोता खांदा दिला." आणि दाढीवरून हात फिरवून त्यांनी खुदाचं नाव घेतलं.

वकील माझ्याकडे वळला. "मास्तर, नोंद आहे ना?"

"नोंद आहे. ती खोटी आहे."

"कशावरून?"

मी बोलणार तेवढ्यात आईनं पदर सारखा केला. "कफन मी घातलं, वकीलसायेब," ती म्हणाली. "आत मानूस नव्हतं. केलीचा खांब व्हता."

ओटीवर बसलेले इतर पक्षकार वळून बघू लागले. चाचा उभे राहिले. "ही बाई येडी झालीय! आपल्याच घरान्याची बेअब्रू!"

वकील थंड माणूस होता. त्याला आमच्या अब्रूशी देणंघेणं नव्हतं, खरेदीखत पक्कं व्हायला हवं होतं. तो म्हणाला, "वाद कोर्टात गेला तर कोर्ट कबर उघडायचा हुकूम देऊ शकेल. माणसाची हाडं इतक्या वर्षांत जात नाहीत. निघाली तर तुमचं खरं. उघडायची का?"

चाचांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग त्यांना धर्म आठवला. "कबर उकरायची? लय मोठा गुन्हा हाय तो. मेलेल्याची इटंबना हाय. मी मुसलमान हाय, वकीलसायेब, मी ह्ये करू देनार नाय."

"केलीच्या खांबाची कसली इटंबना?" आई म्हणाली.

कुणीतरी हसलं. चाचा कोपऱ्यातल्या पिकदाणीपाशी गेले, थुंकले, बराच वेळ तिथेच वाकून राहिले. परत आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला आजही सांगता येणार नाही ते त्यांनी कसं आणलं. हात पसरून ते फुफीकडे गेले. "माजी बहीन गं! अब्बानं आमाला बी फसवलं गं! आमाला कुटं म्हाईत व्हतं!"

नुकतीच त्यांनी खांदा दिल्याची शपथ घेतली होती. त्यांच्या तोंडाला पानाचा, चुन्याचा वास येत होता, आणि त्या तोंडानं ते गळा काढत होते. मी उठून ओटीच्या कडेला जाऊन उभा राहिलो.

फुफी एक पाऊल मागे सरली. "वढ्याकडचं खाचर," ती म्हणाली. "उंबरासकट. बाकी तू नि सेठ काय करायचं ते करा."

चाचांनी फार घासाघीस केली नाही. कबरीची गोष्ट कोर्टात निघू नये, एवढंच त्यांना हवं होतं. फुफीच्या वाट्याला कायद्यानं त्याहून जास्त आलं असतं, ते मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि अंगठा उठवला. सेठनं नदीकाठ आणि आंब्याची वाडी घेतली. पणजोबांनी एकेक वर्णन करून ठेवलेली झाडं त्यानं बंगल्यासाठी पहिल्याच वर्षी निम्मी तोडली.

मला वाटलं होतं, आता गावात चाचांना तोंड दाखवता येणार नाही. झालं उलटंच. पुढच्या शुक्रवारी नमाजीनंतर चाचांनी स्वतःच उभं राहून सांगितलं, हरवलेली बहीण मी शोधून काढली, तिचा हक्क तिला दिला. लोकांनी त्यांचे हात हातात घेतले. मुतवल्लींनी वहीत त्या नोंदीवर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, गैरसमजानं. मी विचारलं, "गैरसमज कुणाचा?" ते म्हणाले, "मास्तर, मिटलंय ते मिटू द्या." त्यांच्या तरुणपणी जनाज्याला खांदा देणाऱ्या चौघांत तेही होते, हे मला नंतर आईनं सांगितलं. ठाऊक असलेल्या दोघांत की नसलेल्या दोघांत, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

चाचांनी या आनंदाप्रीत्यर्थ गावजेवण घातलं. बकरे कापले. विहिरीवरून पळालेल्या बायकांपैकी ज्या हयात होत्या त्याही आल्या, फुफीला बघायला. मी ताटावर बसलो आणि भाकरी नुसती कुस्करत राहिलो. आतल्या बाजूला फुफी मात्र बायकांच्या पंगतीत मांडी घालून बसली, दोनदा वाढून घेतलं आणि मोठ्यानं म्हणाली, मटण जरा कच्चं राहिलंय.

त्या पावसाळ्यात ती पळसदरीहून येऊन खाचरात उतरली. आई तिच्या मदतीला जाऊ लागली, तसं चाचांच्या घरात आईशी बोलणं बंद झालं. मी खालापूरच्या शाळेत बदली मागून घेतली, खोली केली आणि आईला घेऊन आलो. लावणीच्या दिवसांत मात्र ती माझ्याकडे थांबत नसे. एकदा मी तिला आणायला गेलो. दोघी चिखलात वाकून रोपं लावत होत्या.

बांधावर उभं राहून मी आईला विचारलं, "बाबानं असं कसं केलं?" हे मी तोवर कधी विचारलं नव्हतं.

आईनं कंबर सरळ केली. "तुझा बाप वाईट नव्हता रं. भ्यायचा म्हाताऱ्याला."

"भिऊन नमाज पढला?"

आई रोपांची जुडी सोडू लागली. फुफी म्हणाली, "पढला खरा. चांगला पढायचा तो." आणि पुढची मूठ रोवायला वाकली. तिच्या बोलण्यात राग होता की नाही, मला कळलं नाही. माझ्यात होता. वडिलांच्या कबरीवर मी त्यानंतर कितीतरी वर्षं गेलो नाही. शेवटी गेलो तेही आई वारली तेव्हा, तिला त्यांच्या शेजारी ठेवायचं होतं म्हणून.

चाचांशी संबंध तोडले असं नाही. लग्नकार्यात, ईदला भेट व्हायची. ते दोन्ही हात पुढे करून माझा हात धरत, छातीशी लावत, चारचौघांत म्हणत, आमच्या मास्तरांमुळे घराणं कागदावर आलं. मी हसायचो, विचारपूस करायचो. मग मोरीवर जाऊन हात धुवायचो, साबण असेल तर साबणानं, नसेल तर राखेनं.